'मजकूर सापडला नाही' असं एनव्हीडीए म्हणतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, यादी लागली. माझं नाव नाही त्यात." आवाज रडवेला होता. निवड यादी पीडीएफमध्ये होती, साठेक पानांची. तिनं शोध दोनदा घेतला होता, एकदा एनव्हीडीएचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा, आणि एकदा पीडीएफ रीडरचा. आडनाव सूर्यवंशी. दोघांनीही हात वर केले. मी म्हटलं, नाव राहू दे, रीडरच्या शोधात बैठक क्रमांक टाक. चार मिनिटांत ती ओरडलीच. नाव होतं! कागदावर छापलेलं अगदी बरोबर होतं, पण फाइलच्या पोटात ते 'सूयवंशी' असं पडलं होतं. रफार डोळ्यांना दिसत होता, मजकुरात नव्हताच.

डोळस माणूस शोध फसला तर निदान पानावरून नजर फिरवतो. आपल्यासारख्या अंधांसाठी शोध हीच नजर. त्यामुळे 'सापडला नाही' हे ऐकलं की आपण 'नाहीच आहे' असं धरून फाइल बंद करतो. मी संगणक शिकवतो आणि 'शोध चालत नाही' ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की आता समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी प्रश्न विचारायला लागतो. शोध चालत असतो. तो भलत्या ठिकाणी, भलत्या दिशेनं किंवा भलतीच अक्षरं शोधत असतो, एवढंच.

पुढचं सगळं विंडोज आणि एनव्हीडीए धरून लिहिलंय, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या संगणकावर तोच असतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली तो सुरू केला आणि तो आजही फुकट आहे. 'एनव्हीडीए की' म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही तसं ठरवलं असेल तर कॅप्स लॉक.

शोधतंय कोण?

माझा पहिला प्रश्न हाच असतो. कारण एकाच पानावर दोन वेगळे शोधणारे असतात आणि दोघांच्या पेट्या ऐकायला सारख्याच वाटतात.

कंट्रोल+एफ दाबलं की ब्राउझरची स्वतःची शोधपट्टी उघडते. शब्द टाकून एंटर मारलं की 'सातपैकी एक' असं काहीतरी ऐकू येतं. आपण खूश होऊन एस्केप दाबतो, खाली बाण दाबतो, आणि वाचन पुन्हा पानाच्या सुरुवातीपासून. ब्राउझरनं पडद्यावर शब्द रंगवला, पण एनव्हीडीएचा कर्सर जिथं होता तिथंच बसून राहिला. कधी तो बरोबर जातो, कधी नाही. या बाबतीत भरवसा ठेवू नका.

एनव्हीडीए+कंट्रोल+एफ दाबलं तर मात्र एनव्हीडीएची पेटी उघडते. ही शोध घेते एनव्हीडीएनं स्वतःसाठी करून ठेवलेल्या पानाच्या प्रतीत, म्हणजे तुम्ही बाणांनी जे वाचता त्यात. सापडलं की कर्सर तिथंच जातो आणि ती ओळ वाचली जाते. पुढचं ठिकाण एनव्हीडीए+एफ३, मागचं एनव्हीडीए+शिफ्ट+एफ३. वेब पानावर मी जवळपास नेहमी हाच वापरतो. याचा एक फायदा डोळस मित्रांनाही माहीत नसतो: चित्राला दिलेलं पर्यायी वर्णन या प्रतीत मजकूर म्हणूनच असतं, त्यामुळे ते या शोधात सापडतं. ब्राउझरच्या शोधात ते येत नाही.

मात्र ही पेटी ब्राउझ मोडमध्येच, म्हणजे बाणांनी पान वाचत असतानाच चालते. तुम्ही एखाद्या लिहिण्याच्या चौकटीत असाल आणि फोकस मोड (कळा थेट चौकटीत टाइप होतात तो) चालू असेल तर एनव्हीडीएची पेटी उघडत नाही, उघडलीच तर ब्राउझरची, आणि तुमची समजूत होते की आपण एनव्हीडीएमध्ये शोधतोय. एनव्हीडीए+स्पेसनं मोड बदला आणि मग शोधा. पेटी उघडल्यावर तिचं शीर्षक ऐकायची सवय लावा. घाईत असाल तर एनव्हीडीए+टी दाबून शीर्षक पुन्हा ऐकता येतं.

इथून खाली

दुसरा प्रश्न: शोधताना कर्सर कुठं होता?

एनव्हीडीएचा निरोप नीट समजून घ्या. अमुक मजकूर सापडला नाही, याचा अर्थ 'सध्याच्या कर्सरच्या जागेपासून' सापडला नाही, एवढाच. आपण निरोप ऐकून कंट्रोल दाबतो, आवाज गप्प करतो, आणि मुद्द्याची गोष्ट ध्यानात यायची राहून जाते. तो कर्सरपासून खाली शोधतो. तुम्ही लांबलचक पानाच्या तळाशी असाल तर वरचं सगळं त्याच्या लेखी नाहीच. आधी कंट्रोल+होम, मग शोध. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळ इथंच मिटतात आणि फोन ठेवताना समोरचा जरा ओशाळतो. ओशाळायचं कारण नाही, मीही वर्षभर तेच करत होतो.

याच प्रश्नाच्या शेजारचा एक: पेटीत नक्की काय टाइप झालं? मराठी कीबोर्ड लावलाय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात इंग्रजी चालू असतो. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवण्याचं सेटिंग आहे. ते चालू असेल तर हा गोंधळ हमखास होतो, कारण शोधाची पेटी एनव्हीडीएची, म्हणजे ब्राउझरहून वेगळी. एनव्हीडीए+२ दाबून टाइप होणारी अक्षरं बोलती करा, किंवा पेटीतच वर बाण दाबून लिहिलेलं ऐका. मागच्या वेळचा शब्द पेटीत तसाच उरलेला आणि त्यालाच नवा शब्द चिकटलेला, हेही मी पाहिलंय.

वर्ड आणि एक्सेल, थोडक्यात

वर्डमध्ये कंट्रोल+एफनं बाजूला एक पट्टी उघडते आणि तिच्यात हरवायला होतं. मी ती वापरतच नाही. कंट्रोल+एच दाबून बदलण्याची जुनी पेटी उघडतो, कंट्रोल+शिफ्ट+टॅबनं शोधाच्या टॅबवर येतो, शब्द टाकून एंटर, मग एस्केप. सापडलेला शब्द निवडलेल्या अवस्थेत मिळतो. त्यानंतर पेटी न उघडता शिफ्ट+एफ४ दाबत राहायचं, पुढचं पुढचं ठिकाण मिळत जातं.

एक्सेलमध्ये शोध लागतो, पण पेटी उघडी असेपर्यंत एनव्हीडीए गप्प. एस्केप दाबलं की तो खाना बोलतो. इथंही शिफ्ट+एफ४ चालतं. आणि 'संपूर्ण खान्याशी जुळवा' ही खूण कुणीतरी केलेली राहून जाते. मग 'पाटील' शोधलं तर 'पाटील सुनंदा' सापडत नाही.

पीडीएफ: खरी कटकट

आता त्या सूर्यवंशीकडे येतो. तिच्या दोन्ही शोधांना अपयश आलं, पण कारणं वेगवेगळी होती. म्हणूनच हे प्रकरण शिकवायला चांगलं.

पहिला शोध एनव्हीडीएचा. अडोबी रीडरमध्ये असं एक सेटिंग आहे की फाइल मोठी असेल तर स्क्रीन रीडरला फक्त समोर असलेली पानंच द्यायची, सगळी नाही. मोठी म्हणजे किती, तर मुळातला आकडा ५० पानांचा. यादी साठेक पानांची. म्हणजे एनव्हीडीएच्या हातात पहिलं पानच होतं आणि त्यानं प्रामाणिकपणे तेवढंच शोधलं. उपाय: रीडरमध्ये कंट्रोल+के दाबून प्राधान्यक्रम उघडा, वाचनाचा विभाग निवडा, आणि पान की पूर्ण दस्तऐवज या पर्यायात पूर्ण दस्तऐवज ठेवा. फाइल उघडायला वेळ लागेल, जुन्या संगणकावर चहा होईल इतका. तेवढा धीर नसेल तर रीडरचाच कंट्रोल+एफ वापरा. तो सगळी पानं बघतो. शब्द कोणत्या पानावर आहे ते कळलं की कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून त्या पानावर जा आणि तिथं एनव्हीडीएनं शोधा. दोन पायऱ्या होतात, पण चालतं.

तिनं दुसरा शोध रीडरचाच घेतला होता. पानं सगळी मिळाली, पण शब्द मोडका होता. याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सरकारी कागदपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला ती भेटते.

पीडीएफ मुळात छपाईसाठीची चीज आहे. कोणती आकृती पानावर कुठं उमटवायची हे तिला पक्कं माहीत असतं. ती आकृती म्हणजे कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता वेगळा असतो, आणि देवनागरीत नेमका तोच अर्धवट राहतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते, म्हणून मजकुरातही ती आधी जाऊन बसते. रफार आणि जोडाक्षरं या एकसंध आकृत्या असतात, तक्त्यात त्यांची नोंद नसेल तर त्या गळून पडतात. म्हणून 'शासन निर्णय' हा शब्द कितीतरी फायलींत 'शासन िनणय' असा मिळतो आणि 'दिव्यांग' हा 'िद यांग' असा. एनव्हीडीए वाचताना अडखळतो ते यामुळेच. आपल्याला वाटतं आवाज खराब आहे. आवाज बिचारा जे आहे ते वाचतोय.

अशा फाइलमध्ये पूर्ण शब्द शोधणं म्हणजे वेळ घालवणं. मग शोधायचं काय, तर शब्दाचा शाबूत राहिलेला तुकडा. ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षर वगळून जे उरतं ते. 'दिव्यांग' असेल तर 'यांग' शोधा. 'सूर्यवंशी' असेल तर 'यवंशी', किंवा आणखी सुरक्षित म्हणजे 'वंशी'. 'विवाह नोंदणी' असेल तर 'वाह' नाहीतर 'दणी'. भलतेसलते शब्दही सापडतील, एफ३ दाबत पुढं चला. आकडे मात्र सहसा मोडत नाहीत. म्हणून क्रमांक माहीत असेल तर तोच टाका: बैठक क्रमांक, गट नंबर, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवर असतो तो अठरा आकडी संकेतांक. एकच गोष्ट ध्यानात ठेवा, आकडे देवनागरीत छापलेत की इंग्रजीत, ते आधी बघा. २०१६ हे साल दोन्ही लिप्यांत आपल्या कानाला एकच ऐकू येतं. शोधाला ते वेगळं.

जाता जाता: आरक्षणाचे निर्णय शोधताना 'दिव्यांग' सापडलं नाही तर 'अपंग' टाकून बघा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या आधीचे कागद बहुतकरून 'अपंग' हाच शब्द वापरतात. इथं फाइल मोडलेली नसते. बदललाय तो शब्द.

तिसरी तऱ्हा म्हणजे नुसता फोटो. कुणीतरी सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकलेला. एनव्हीडीए कागद रिकामा आहे असं सांगतो किंवा रीडर स्कॅन केलेल्या पानाचा इशारा देतो. इथं शोधायला मजकूरच नाही, आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, करावं लागतं. मला सगळ्यात सोपा रस्ता गूगल ड्राइव्हचा वाटतो: फाइल चढवायची आणि गूगल डॉक्समध्ये उघडायची, मराठी ओळखून मजकूर निघतो. इंटरनेटवर टाकण्याजोगा कागद नसेल, म्हणजे कुणाचे वैद्यकीय किंवा बँकेचे तपशील असतील, तर टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर चालतं आणि त्याला मराठीची फाइल जोडता येते. ओसीआर झाल्यावरही तुकड्यानंच शोधा. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर घ चा ध आणि भ चा म झालेला असतो.

कृतिदेव आणि मंडळी

चौथी तऱ्हा जुन्या फाँटची. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकचे फाँट यांवर मराठीची सगळी छपाई चाले, आणि काही छापखान्यांत व कचेऱ्यांत अजूनही चालते. या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी. एनव्हीडीएला चेहऱ्याशी घेणंदेणं नाही. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द अक्षर अक्षर वाचला तर ऐकू येतं: ई, जे, के, कॅपिटल बी, एच.

खात्री करायची असेल तर त्या मजकुरावर एनव्हीडीए+एफ दाबा, फाँटचं नाव बोललं जातं. 'कृतिदेव', 'श्री-देव' किंवा 'डीव्हीबी-टीटी' ऐकू आलं की समजा, इथं मराठी शोधून मराठी मिळणार नाही. एक-दोन शब्दांचंच काम असेल तर सरळ ती इंग्रजी अक्षरंच शोधा. टायपिंग शिकलेल्यांना कळा पाठ असतातच. मात्र लहान-मोठ्या अक्षरांचा फरक करण्याची खूण चालू ठेवा. कृतिदेवमध्ये छोटा बी म्हणजे इ आणि मोठा बी म्हणजे ठ. पुस्तकच वाचायचं असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी फुकट साधनं मिळतात. श्रीलिपीच्या फाँटमध्ये पिढ्या आहेत, एका पिढीचा तक्ता दुसरीला लागत नाही. बदललेला मजकूर अगम्य आला तर साधन वाईट आहे असं लगेच म्हणू नका, पिढी बदलून बघा.

सारखं ऐकू येतं, सारखं नसतं

आता माझा आवडता भाग. फाइल उत्तम, युनिकोड शुद्ध, कर्सर वर, पेटी बरोबर, कीबोर्ड मराठी, आणि तरीही सापडत नाही. बाणानं जाऊन वाचलं तर शब्द समोर आहे! अशा वेळी लोक संगणकाला भूत लागलं म्हणतात.

एनव्हीडीएचा शोध अक्षराला अक्षर ताडून बघतो, आणि युनिकोडमध्ये एकच मराठी अक्षर दोन-तीन वाटांनी लिहिता येतं. डोळस माणसाला सगळ्या वाटा सारख्या दिसतात, आपल्याला सारख्या ऐकू येतात. फरक उरतो तो फक्त आकड्यांत. म्हणून आकडेच ऐकायचे. नंपॅडवरचा २ तीनदा पटापट दाबला की रिव्ह्यू कर्सरखालच्या, म्हणजे एनव्हीडीएच्या स्वतःच्या वाचनकर्सरखालच्या अक्षराचा क्रमांक एनव्हीडीए बोलतो, आधी साधा दशमान आणि मग हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचा. लॅपटॉप मांडणीत तेच काम एनव्हीडीए+पूर्णविराम तीनदा दाबून होतं. या कळेनं माझे जितके तास वाचवलेत तितके कुठल्या महागड्या सॉफ्टवेअरनं वाचवले नसतील.

'साताऱ्यात' हा शब्द घ्या. यातला अर्धा र, तो मराठीचा खास अर्धचंद्र र, तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात २३५३ आणि २३८१ असे आकडे येतात: खालच्या नुक्त्याचा (टिंबाचा) ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात २३५२, २३६४, २३८१: साधा र, सुटा नुक्ता, हलन्त. तिसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५: साधा र, हलन्त, आणि एक न दिसणारं, न ऐकू येणारं जोडचिन्ह. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट+जे, डी, आणि तिरक्या रेघेची कळ अशा क्रमानं ऱ्य टाइप केलं तर पहिला प्रकार मिळतो. समोरच्यानं दुसऱ्या साधनानं टाइप केलं असेल तर त्याचा तिसरा असू शकतो. तुम्ही बरोबर, तोही बरोबर, आणि भेट होत नाही.

इथं एक गंमतही आहे. आपण हुशारी करून 'सातार' एवढाच तुकडा शोधला तरी पहिल्या प्रकारचं 'साताऱ्यात' सापडत नाही, कारण त्यात र नाहीच, ऱ आहे. 'साता' शोधलं तर सगळं सापडतं. बाऱ्या, दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, नोकऱ्या, शेतकऱ्यांना: जिथं जिथं ऱ्य येईल तिथं त्याच्या आधीच थांबा. शेतकऱ्यांसाठीच्या योजनांची पानं चाळताना मी 'शेतक' एवढंच टाकतो.

दुसरा त्रास ॲ चा. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याचा आकडा २४१८. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून भागवत, म्हणजे २३०९ आणि २३७३. मध्ये ते अदृश्य जोडचिन्ह घालणारेही होते आणि आहेत: २३०९, ८२०५, २३७३. शिवाय हिंदीच्या वळणानं ऍ, म्हणजे २३१७. 'ॲप' या दोन अक्षरी शब्दाला चार वाटा! 'ॲम्ब्युलन्स' शोधायची असेल तर 'ब्युलन्स' शोधा, जीव वाचेल.

तिसरा विसर्गाचा. 'स्वतः' आणि 'दुःख' यांतला विसर्ग म्हणजे २३०७. पण कितीतरी जण तिथं कीबोर्डवरचं अपूर्णविरामाचं चिन्ह ठोकतात, ५८. वाचताना कानाला काही कळत नाही. मी एकदा एका दोनशे पानी हस्तलिखिताचं मुद्रितशोधन करत होतो, लेखकानं अर्ध्या पुस्तकात एक आणि अर्ध्यात दुसरं वापरलेलं. कोणत्या प्रकरणापासून त्यांनी संगणक बदलला हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते चाटच पडले.

उलट बाजूनं एक दिलासा: मराठी ल आणि हिंदी ल, मराठी श आणि हिंदी श हे दिसायला वेगळे असले तरी त्यांचा क्रमांक एकच आहे. ती फाँटची करामत. त्यानं शोध अडत नाही.

दोन शब्द शोधताना त्यांच्यामधली जागा हीसुद्धा एक अक्षरच असते. साध्या स्पेसचा आकडा ३२, ओळ तुटू नये म्हणून घालतात त्या स्पेसचा १६०. शब्दजोडी सापडत नसेल तर त्यातला जो शब्द कमी वेळा येत असेल तेवढाच टाका.

घर, घराला, घरांमध्ये

शेवटचं कारण संगणकाचं नाहीच, मराठीचं आहे. इंग्रजी शिकवणीत आपल्याला सांगितलेलं असतं की नेमका शब्द टाका. मराठीत नेमका शब्द वाक्यात क्वचितच उभा असतो. त्याचं सामान्यरूप होतं आणि मग प्रत्यय लागतो. 'रस्ता' शोधणाऱ्याला 'रस्त्यावर' सापडणार नाही, 'शाळा' शोधणाऱ्याला 'शाळेत' नाही, 'परीक्षा' शोधणाऱ्याला 'परीक्षेसाठी' नाही. 'फूल' शोधलं तर 'फुलांचा' हुकतं, कारण दीर्घ ऊ चा ऱ्हस्व होतो. 'माणूस' तर 'माणसाला' होताना मधला ऊच टाकून देतो.

म्हणून शब्द शेवटाकडून छाटा, आणि उपान्त्य स्वर बदलणारा असेल तर त्याच्याही आधी थांबा: रस्त, शाळ, परीक्ष, माण. शब्द उलट मधूनही पकडता येतो. 'महाविद्यालय' शोधताना मी 'द्यालय' टाकतो, विद्यालयही सापडतं आणि महाविद्यालयातही. मोडक्या पीडीएफमध्ये तोही नको, तिथं 'ालय'. व्यक्तींच्या नावांत रवि-रवी, हरि-हरी असले दोन पाठ असतात, तिथं वेलांटीच्या आधी थांबायचं. तुकडा फार छोटा केला तर कचरा फार येतो, दोन अक्षरांच्या खाली मी जात नाही.

सगळं करून झालं तर

पान गुंतागुंतीचं असेल, 'आणखी वाचा' सारखी बटणं असतील, तर आधी ती उघडा. न उघडलेला मजकूर पुष्कळदा पानावर आलेलाच नसतो. खाली सरकत गेल्यावर भर पडत जाणाऱ्या पानांचंही तेच. कंट्रोल+एंड दोन-चारदा दाबून मग शोधा. मथळे किंवा दुवे यांतच शोधायचं असेल तर एनव्हीडीए+एफ७ ची यादी उघडून तिच्या गाळणीच्या चौकटीत तुकडा टाका. मोठ्या पानावर याहून जलद काही नाही.

तरीही नाही, तर मी सगळा मजकूर कंट्रोल+ए, कंट्रोल+सी करून नोटपॅड++ या मजकूर संपादकात नेतो. तिथं शोधाच्या पेटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे नमुना देऊन शोधण्याचा पर्याय निवडला की कंसात उभ्या रेघा घालून पर्याय देता येतात: (ॲ|अॅ|ऍ)प असं लिहिलं की एका फटक्यात तीन वाटा. 'सध्याच्या दस्तऐवजात सगळे शोधा' हे बटण दाबलं की निकालांची यादी वेगळ्या चौकटीत येते आणि बाणानं ओळीमागून ओळ ऐकता येते. एक-एक एफ३ दाबत बसण्यापेक्षा ही यादी कितीतरी बरी, विशेषतः मुद्रितशोधन करणाऱ्यांना.

त्या विद्यार्थिनीची नेमणूक झाली. परवा तिनं कार्यालयातल्या एका फाइलबद्दल फोन केला. "सर, 'कार्यालयीन' सापडत नाहीये." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांबा, रफार आहे ना त्यात," आणि फोन ठेवला.